गादी गरम काऊन लागते

गुंजन : हळू बोला हो, पाळण्यात ऐकू जाईल.

नीलेश : पाळण्यात कसं जाईल? पाळणा पिपरीला आपल्या घरी, तू सेवाग्रामला ऑफिसात, मी इथं वर्ध्याला दुकानात.

गुंजन : माझा मोबाईल उजव्या कानाला आहे, तो गादीखालच्या मोबाईलला लागलेला. आणि हा ऑफिसचा फोन डाव्या कानाला. तुम्ही ओरडलात की या कानातून त्या कानात, आणि तिथून थेट अर्णवच्या गादीखाली.

नीलेश : म्यूट दाब ना मग. दाखवलं होतं तुला.

गुंजन : मागच्या वेळी म्यूट म्हणून जे दाबलं त्यानं फोनच कट झाला. पुन्हा लागेपर्यंत माझं अख्खं घर बंद.

नीलेश : बरं, झालं काय? पटकन सांग, गिऱ्हाईक आहे समोर. हो हो काका, आरतीचीच रिंगटोन टाकतो, बसा तुम्ही.

गुंजन : आईंनी अर्णवला पाडलं.

नीलेश : काय?

गुंजन : धप्प असा आवाज आला. मग रडला तो. भुकेचं रडणं नाही, लागल्याचं रडणं. मला कळतं. उचलून उराशी धरायचं राहिलं बाजूला, तुमच्या आई काय म्हणतात? ‘उठ. काही नाई झालं. उठ, पुन्हा.’

नीलेश : पुन्हा?

गुंजन : पुन्हा! आणि पुन्हा धप्प!

नीलेश : भांडं पडलं असेल गं. गादीखालून आवाज जरा घुमतो त्या मॉडेलचा.

गुंजन : भांडं रडत नाही. आणि शेजारच्या सुमतीबाई होत्या तिथं, त्या हसल्या. हसल्या! मग आई त्यांना म्हणाल्या, ‘गुंजनले सांगू नोको. नीलेशलेही नोको. रविवारपर्यंत कोणालेच नोको.’ आता बोला.

नीलेश : रविवारपर्यंत काऊन?

गुंजन : सूज उतरायला! आज गुरुवार आहे. टेंगूळ बसायला दोन-तीन दिवस लागतातच. हिशेब बरोबर आहे त्यांचा.

नीलेश : मग सरळ घरी फोन करून विचार ना आईले.

गुंजन : कुठल्या फोनवर करू? घरात फोन एकच, तो गादीखाली. आणि तो हरवला आहे असं आपण त्यांना सांगून बसलोय.

नीलेश : हा, तेवढा एक प्रॉब्लेम आहे सिस्टीममध्ये.

गुंजन : सिस्टीम म्हणू नका हो. मला फक्त पोराचं रडणं ऐकायचं होतं. तुम्हीच म्हणालात, नवरा-बायको स्कीम आहे, या नंबरावरून त्या नंबरावर फुकट, दिवसभर लावून ठेव. घंटी न वाजता आपोआप उचलतो, आईले पत्ताही लागणार नाही.

नीलेश : मग लागला का पत्ता? नाही ना? चौथा दिवस आहे. सक्सेस म्हणतात याला.

गुंजन : काल विचारत होत्या, ‘गादी गरम काऊन लागते व?’ दिवसभर चालू फोन, तापणारच. म्हटलं, खालचं रेक्झिन नवीन आहे, नवं रेक्झिन तसंच असतं.

नीलेश : शाबास.

गुंजन : शाबास काय? मला माहीत होतं फोन तापलाय. तरी मी अर्णवला दोनदा थर्मामीटर लावला.

नीलेश : किती निघाला?

गुंजन : नॉर्मल. म्हणून तिसऱ्यांदा लावला. आणि दुसरं सांगू? मंगळवारपासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय. आई अर्णवला तुमची गोष्ट सांगत होत्या. आष्टीच्या दुकानात गुळाच्या पोत्यांमागे तुमचा पाळणा टांगलेला असायचा म्हणे. त्या पाळण्याची दोरी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधून गिऱ्हाईक करायच्या. दोरी हलली की झोका. मग म्हणाल्या, ‘अन् एका बाजाराच्या दिवशी का झालं माहीत हाये का, बाबू —’

नीलेश : काय झालं?

गुंजन : बॅटरी संपली! सोमवारी रात्री भारनियमन होतं, चार्जिंग अर्धंच झालं होतं. आता विचारणार कोणत्या तोंडानं?

नीलेश : माझं मला तर काही आठवत नाही.

गुंजन : तुम्हाला कसं आठवेल, पाळण्यात होता तुम्ही. ऐका, मी निघते. तुम्ही गाडी घेऊन या. डोक्याचा एक्स-रे काढू.

नीलेश : अगं, दुकान उघडं आहे! काकांची रिंगटोन अर्धी चढलीय!

गुंजन : अर्धी आरती पुरते देवाला. या लवकर. मी ऑटोत बसून ऐकत येते.

(अर्ध्या तासानं, पिपरी मेघेच्या घरी.)

सुलोचनाबाई : अव बाई, दार का तोडतं का? आत्ताच डोळा लागला लेकराचा. अन् तू या टायमाले कशी? दोघंही?

गुंजन : कुठे आहे तो?

सुलोचनाबाई : पाळण्यात. अजून कुठं राह्यन?

गुंजन : मला बघू द्या. कपाळ ठीक आहे... कानामागे... इथे? नाही. अहो, टॉर्च धरा जरा.

सुलोचनाबाई : का शोधून राह्यली व डोक्यात? उवा?

नीलेश : काही नाही आई, असंच. चेकअप.

सुलोचनाबाई : झोपल्या लेकराचं? तेही दुकान टाकून?

गुंजन : आई, खरं सांगा. मी रागावणार नाही. पडला ना आज?

सुलोचनाबाई : कोण सांगितलं?

गुंजन : म्हणजे पडला!

सुलोचनाबाई : कोण सांगितलं, ते सांग पह्यले.

गुंजन : ‘गुंजनले सांगू नोको, रविवारपर्यंत कोणालेच नोको.’ हे कोण म्हणालं?

सुलोचनाबाई : हे तर मी सुमतीबाईले म्हटलं. दार लावून म्हटलं. ती आत्ता इथून उठून गेली, तिचा चहाचा कप पाह्य, तसाच पडून हाये. तिनं तुले सेवाग्रामले जाऊन सांगितलं अन् परत येऊन भांडे घासाले बसली?

नीलेश : आई, आजकाल खबर फार फास्ट जाते. हवेतूनच जाते.

सुलोचनाबाई : हवेतून जाते तर तिकडं आष्टीले तुह्या बापाले रेंजसाठी गच्चीवर काऊन चढा लागते? थांबा. बोलू नका कोणी. गादीत कोण बोलून राह्यलं?

गुंजन : कुठे?

सुलोचनाबाई : ऐक! गादी ‘कुठे’ म्हणाली.

नीलेश : गुंजन, तुझा फोन बंद कर. फोन बंद कर तुझा, पर्समधला!

सुलोचनाबाई : आता गादी ‘फोन बंद कर’ म्हणते. सरक, नीलेश. सरक बाजूले. हे काय हाये? कानात घालाची वायर. अन् वायरीले — अरे बाप्पा!

नीलेश : अरे वा! सापडला! बघ गुंजन, हरवलेला फोन सापडला!

सुलोचनाबाई : या फोनासाठी मी मारोतीले नारळ बोलली हाये, नीलेश.

नीलेश : तो नारळ मी आणतो. आत्ता आणतो.

सुलोचनाबाई : उभा राह्य. चटका बसते हाताले, इतका गरम हाये. म्हणजे गादी याच्यानं तापे. अन् मी रात्री उठून उठून लेकराचं अंग पाहो, का ताप तर नाई भरला. काल तर त्या कोपऱ्यावर थंड्या पाण्याची पट्टी ठेवली मी.

नीलेश : म्हणून काल आवाज बुडबुड येत होता.

गुंजन : तुम्ही गप्प बसा हो!

सुलोचनाबाई : कधीपासून ऐकून राह्यली तू?

गुंजन : आई, मला फक्त त्याचं रडणं —

सुलोचनाबाई : कधीपासून?

गुंजन : सोमवारपासून.

सुलोचनाबाई : सोमवार. म्हणजे मी त्याले तेल लावताना बोलली ते?

गुंजन : ...हो.

सुलोचनाबाई : अन् तुह्या सासऱ्याचं बोलली ते?

गुंजन : सगळं नाही ऐकलं. साहेब आले होते मधेच.

सुलोचनाबाई : काय काय ऐकलं, सांग.

गुंजन : बाबांनी मोबाईल घेतल्यापासून... संध्याकाळी गच्चीवर रेंज मिळते म्हणून ते तिथेच असतात. सोयाबीनचा भाव नागपूरच्या माणसाला विचारतात, अमरावतीच्या माणसाला विचारतात. खाली येऊन मुकाट्यानं जेवतात. तुम्ही म्हणालात, ‘तुह्या आजोबाले साऱ्या जगाची रेंज भेटते, बाबू, एका माह्या चुलीपाशीच भेटत नाई.’

नीलेश : बाबांचा हँडसेट जुना आहे, आई. मी बदलून देतो.

सुलोचनाबाई : हँडसेट नको बदलू. तू बाह्यर जा थोडा वेळ.

नीलेश : नाही, मी बसतो चूप.

सुलोचनाबाई : फक्त रडणं ऐकाचं होतं ना, गुंजन? मंग रडणंच ऐकाचं होतं. बाकीचं काऊन ऐकलं?

गुंजन : फोनला कळत नाही ना आई, काय रडणं आणि काय...

नीलेश : तशी सोय पुढच्या मॉडेलमध्ये येणार आहे म्हणतात.

सुलोचनाबाई : मी लेकराशी बोलत होती. त्याले समजत नाई, म्हणूनच बोलत होती. समजते त्याच्यापाशी बोलाचं असतं तर आष्टीले का माणसं नव्हते?

गुंजन : चुकलं माझं, आई. मी घाबरट आहे, तुम्हाला माहीत आहे. दूध उकळताना दोनदा उकळते, बाटली तीनदा. टीव्हीवर त्या दिवशी दाखवलं, सांभाळणाऱ्या बाईनं कसं बाळाला...

सुलोचनाबाई : सांभाळणारी बाई?

गुंजन : तुम्ही नाही हो! ती पगारी होती!

सुलोचनाबाई : मी बिनपगारी, म्हणून मले फुकटातली स्कीम. आता समजलं मले सुमतीबाईचं. रोज उठून इथं येऊन बसते. म्हणते, ‘सुलोचनाबाई, माह्या घरी बोलायची सोय नाई. सून नमिता कामावर असते, तरी संध्याकाळी येऊन मले तोंडावर सांगते, दुपारी तुम्ही असं म्हटलं, तसं म्हटलं. पोरीच्या अंगात येते का काय?’ काऊन रे नीलेश, तुले खोकला काऊन आला?

नीलेश : ठसका लागला.

सुलोचनाबाई : तिच्या पोराले, श्रीनिवासले, तूच देल्ला ना फोन?

नीलेश : दिवाळी ऑफर होती.

सुलोचनाबाई : म्हणजे ती बाई आपल्या घरून जीव वाचवून बोलाले इथं आली, अन् इथंही पाळणा! किती घरी देल्ले असे?

नीलेश : आता गिऱ्हाईक कशासाठी घेते ते आपण कसं सांगावं? पिपरीत चालते ही स्कीम, एवढंच सांगतो.

सुलोचनाबाई : माही थैली काढ वरून. पाचची आष्टीची गाडी भेटंन मले.

गुंजन : आई, असं नका करू.

सुलोचनाबाई : काऊन? हाये ना फोन. ठेवजा त्याले राखाले. तेल लावन, न्हाऊ घालन, वरणभात चारन.

गुंजन : माझी रजा सगळी बाळंतपणात गेली. तुम्ही गेलात तर उद्यापासून घरी बसावं लागेल मला. आणि मी घरी बसले तर... मला स्वतःचीच भीती वाटते हो. दिवसभर त्याच्याकडे नुसती टक लावून बघत बसेन मी. श्वास चालू आहे का ते बघेन.

सुलोचनाबाई : मंग विश्वास कोणावर ठेवशील, ते ठरव. माह्यावर का या डबीवर? दोन्ही एकावेळी नाई होणार.

गुंजन : ठेवते. पण तुम्ही एक सांगा, पडला की नाही आज? डोक्यावर पडला का? तेवढं सांगा, मग हवं तर जा.

सुलोचनाबाई : नाई सांगत. रविवारी सांगीन.

नीलेश : आई, रविवारी तू आष्टीत असशील ना?

गुंजन : बघितलंत? आवाजानं उठवलं त्याला. ये रे राजा. या, काढून घ्या हो त्याला खाली, मी हात धुऊन येते. ऑटोतून आलेय.

नीलेश : आलास का, ढेरपोट्या? बस इथं सतरंजीवर. ही बघ पप्पाची चावी.

सुलोचनाबाई : चावी देऊ नोको, तोंडात घालते.

नीलेश : अरे... गुंजन! गुंजन, हे बघ! हा भिंतीला धरून उभा राहिला!

गुंजन : उभा तर तो महिनाभर राहतोय. धरा त्याला, पडेल!

सुलोचनाबाई : धरू नका. कोणी धरू नका. गुंजन, तिथंच उभी राह्य. दारातच. बस खाली. हात पुढं कर.

गुंजन : माझे हात ओले आहेत.

सुलोचनाबाई : ओलेच राहू दे. बोलाव त्याले.

गुंजन : अर्णव... ये. ये माझ्याकडे. आई, त्यानं भिंत सोडली.

सुलोचनाबाई : मले दिसते ना. तू त्याच्याकडं पाह्य, माह्याकडं नोको.

नीलेश : थांबा, थांबा! कॅमेऱ्यावाला आहे हा माझा फोन! थांबव त्याला एक मिनिट! मेमरी फुल्ल दाखवते... ही आरती डिलीट करू का?

गुंजन : एक पाऊल टाकलं! अहो, टाकलं! अजून एक! आई, तो चालतोय, तो खरंच — अरे देवा! पडला!

सुलोचनाबाई : उठ. काही नाई झालं. उठ, पुन्हा.

नीलेश : डिलीट झाली. आता चालव पुन्हा.

गुंजन : आई...

सुलोचनाबाई : त्याले उचलू नोको. उठतो तो आपला. पाह्य, उठला. आता घे. घे जवळ.

गुंजन : आई, हेच. मी हेच ऐकलं होतं. धप्प, आणि मग तुमचं ‘उठ, पुन्हा’.

सुलोचनाबाई : मंग ऐकलं ना.

गुंजन : म्हणजे आज दुपारी तो...

सुलोचनाबाई : दुपारी काही नाई झालं. तो आत्ता चालला. तुह्यासमोर.

नीलेश : पण सुमतीबाई तर —

सुलोचनाबाई : सुमतीबाईनं काही नाई पाह्यलं. मी तिले तसं सांगून ठेवलं हाये. रविवारी तुम्हा दोघांले सुट्टी, म्हटलं रविवारी सकाळी न्हाऊ-माखू घालून उभा करीन भिंतीपाशी. तोवर मी त्याले खाली सोडणारच नव्हती. कडेवर घेऊन फिरली असती तीन दिवस. माही कंबर गेली असती, बाकी का?

गुंजन : आणि मी म्हटलं, सूज उतरायची वाट बघताय.

सुलोचनाबाई : कोणाची सूज?

गुंजन : काही नाही.

नीलेश : मी काय म्हणतो, एवढ्या चांगल्या फोनात पावलाचा आवाजच नाही आला, पाहा. रडणं आलं, धप्प आलं, पाऊल नाही आलं. कंपनीला कळवलं पाहिजे.

सुलोचनाबाई : कळव. अन् तो नारळ घेऊन ये आधी. मारोतीचं राहू नोको देऊ. येताना सुमतीबाईच्या घरापुढून येजो, अन् तिच्या घरचं जे का बसवलं असंन ते काढून येजो.

नीलेश : आई, त्यांनी पैसे देऊन घेतलं आहे.

सुलोचनाबाई : मंग श्रीनिवासले सांग, का पुढच्या वेळी त्याच्याच गादीखाली लावून देतो. नमिताले ऐकू दे. जा.

नीलेश : जातो. गाडीचं काय? पाचच्या?

सुलोचनाबाई : तू नारळाचं पाह्य.

गुंजन : आई, हा फोन मी आजपासून बाहेर फळीवर ठेवते. घंटी वाजेल असा. मी फोन केला तर तुम्ही उचला. नाही उचलावासा वाटला, नका उचलू.

सुलोचनाबाई : नाई उचलला, तर तू ऑटो करून येशील.

गुंजन : येईन कदाचित. पण दोनदा वाजवून बघेन आधी.

सुलोचनाबाई : पाह्य, तुह्या केसात हात घातला त्यानं. ओढते.

गुंजन : ओढू दे. आई... एक विचारू? राग नका मानू. मंगळवारी तुम्ही त्याला यांची गोष्ट सांगत होता. आष्टीच्या दुकानातली. पायाच्या अंगठ्याला दोरी, आणि मग बाजाराच्या दिवशी —

सुलोचनाबाई : तेही ऐकलं?

गुंजन : अर्धंच. बॅटरी संपली.

सुलोचनाबाई : अर्धं ऐकून तीन दिवस चूप बसली?

गुंजन : जीव जात होता माझा. यांना विचारलं, यांना माहीत नाही.

सुलोचनाबाई : त्याले काऊन माहीत राह्यन? कोणालेच नाई सांगितलं मी. बस इथं. थैली सरकव तिकडं.

गुंजन : बसले.

सुलोचनाबाई : बाजाराचा दिवस म्हणजे दुकानात पाय ठेवाले जागा नाई. तुह्या सासऱ्याच्या हातात तेलाचं माप, माह्या हातात तराजू. दोरी अंगठ्याले. हलली का मी पाय हलवो, लेकरू गप. रोजचंच होतं ते. पण त्या दिवशी दोरी हललीच नाई. मले वाटलं, किती गुणाचं लेकरू, आज गर्दी हाये तर झोपून हाये.

गुंजन : मग?

सुलोचनाबाई : मंग बाह्यर कल्ला झाला. दारासमोर कवडू मुरमुरेवाला बसे. तो ओरडून राह्यला, ‘चालला! चालला!’ लोक बाजूले सरकून राह्यले, बाया टाळ्या वाजवून राह्यल्या. कोण्या एका पोराले रस्ता करून देत होते. मले काही दिसे नाई, समोर गिऱ्हाईक. मी तराजू हातातच धरून तिथूनच इचारलं, ‘कोणाचं व लेकरू?’

गुंजन : ...आणि दोरी?

सुलोचनाबाई : दोरी अंगठ्यालेच होती. पाळणा रिकामा होता.